तास भरले, पण वॉर्डात काय बदलले? : बालआरोग्यातील निरंतर शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

निरंतर वैद्यकीय शिक्षण, म्हणजे ज्याला सगळेच सरसकट ‘सीएमई’ म्हणतात, त्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे साठली होती. लिहिणाऱ्यांत बालरोगतज्ज्ञ आहेत, नवजात कक्षातील परिचारिका आहेत, औषधनिर्माते आहेत, आणि थोडे अनपेक्षितपणे पालकही आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून आणि लांबलेली पत्रे संक्षिप्त करून त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ असून स्वतंत्र व्यवसाय करतो. दरवर्षी एक मोठी परिषद आणि काही छोटी सत्रे होतात, हजेरीबद्दल मिळणारे क्रेडिट पॉइंटही वेळेत भरतात. पण प्रामाणिकपणे पाहिले तर परिषदेहून परतल्यावर महिन्याभरात माझी ओपीडी पूर्वीसारखीच चाललेली असते. अशा शिक्षणाने प्रत्यक्ष उपचारांत फरक पडतो, याला काही पुरावा आहे का?

उत्तर : पुरावा आहे, मात्र तो परिषदांच्या आयोजकांना फारसा आवडेल असा नाही. १९९९ मध्ये डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नुसती व्याख्याने ऐकून डॉक्टरांच्या कामाची पद्धत बदलत नाही आणि जिथे चर्चा, सराव, रुग्णांच्या उदाहरणांवर गटात काम असते तिथे ती बदलू शकते, असे त्यांना दिसले. पुढे २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावा एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ८१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सभा आणि कार्यशाळांमुळे अपेक्षित उपचारपद्धती पाळण्याचे प्रमाण साधारण सहा टक्क्यांनी वाढते, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. सहा टक्के म्हणजे काहीच नाही असे नव्हे. हजारो मुले तपासणाऱ्या यंत्रणेत तेवढ्यानेही पुष्कळ काही साधते. पण दोन-तीन दिवस दवाखाना बंद ठेवून गेलेल्या माणसाची अपेक्षा त्याहून मोठी असते, आणि तुमचा अनुभव त्या आकड्याशी जुळणाराच आहे.

अडचणीचे मूळ बहुधा सत्राच्या निवडीतच असते. आपण ज्या विषयाला आवडीने जातो तो विषय आपल्याला आधीच बऱ्यापैकी येत असतो. डेव्हिस यांनीच २००६ मध्ये आणखी एक आढावा प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी स्वतःच्या क्षमतेविषयी केलेला अंदाज आणि बाहेरून केलेले मोजमाप यांच्या वीस तुलनांपैकी तेरांमध्ये या दोहोंचा फारसा मेळ बसला नाही, किंवा तो उलटाच निघाला. ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी होते आणि ज्यांना स्वतःची खात्री सर्वांत जास्त होती, त्यांचे अंदाज अधिक चुकले. म्हणून ‘मला काय शिकायचे आहे’ हा प्रश्न स्वतःच्या मनाला न विचारता स्वतःच्या केसपेपरना विचारावा.

एक उदाहरण घेऊ. गेल्या मोसमातील दोन वर्षांखालील मुलांचे, ज्यांवर ब्राँकिओलायटिस (फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांना विषाणूमुळे येणारी सूज) असे निदान लिहिले आहे असे वीस केसपेपर बाजूला काढावेत. त्यांपैकी किती बाळांना साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचे नेब्युलायझेशन, म्हणजे वाफारा, दिले, किती जणांना स्टेरॉइड, किती जणांना अँटिबायोटिक आणि किती जणांचा छातीचा एक्स-रे काढला, एवढे चारच रकाने मांडावेत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार या आजारात साल्ब्युटामॉल आणि स्टेरॉइड देऊ नयेत, एक्स-रे सरसकट काढू नये, आणि अँटिबायोटिक जिवाणूसंसर्ग असल्याशिवाय वापरू नये. बाळाला ऑक्सिजनची गरज आहे का, ते पुरेसे दूध घेते का, याकडे लक्ष द्यावे, एवढाच त्या उपचाराचा गाभा आहे. रकाने भरले की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘माझ्याकडे येणारी मुलेच जास्त गंभीर असतात’ अशी असते. तेही त्याच कागदावर तपासता येते, कारण श्वासाची गती आणि ऑक्सिजनची पातळी तिथे लिहिलेली असते. ती लिहिलेली नसेल, तर पुढचे सत्र कोणत्या विषयाचे घ्यायचे हा प्रश्न थोडा लांबणीवर टाकून आधी ती लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

या पद्धतीला ऑडिट आणि प्रत्याभरण (फीडबॅक) म्हणतात. तिचाही परिणाम सरासरीने माफकच आहे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १४० अभ्यासांतील सुधारणेचा मध्यक (मधला आकडा) ४.३ टक्के आला. पण त्याच आढाव्यात हे चांगले केव्हा चालते याचे उत्तरही मिळते : सुरुवातीची कामगिरी कमी असेल, निष्कर्ष एखाद्या सहकाऱ्याने किंवा वरिष्ठाने सांगितले असतील, ते तोंडी आणि लेखी दोन्ही प्रकारे आणि एकाहून अधिक वेळा दिले असतील, आणि पुढे नेमके काय करायचे हे ठरवले असेल, तर फरक वाढतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला वरिष्ठ नसतो; म्हणून तीन-चार सहकाऱ्यांनी एकमेकांचे केसपेपर पाहण्याचा करार करावा, असे मला वाटते. यात सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, हे खरे आहे.

प्रश्न : मी नवजात कक्षात परिचारिका आहे. नवजात पुनरुज्जीवनाचे, म्हणजे जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचे, प्रशिक्षण झाले आहे आणि प्रमाणपत्राची मुदतही बाकी आहे. तरीही परवा बाळ रडले नाही तेव्हा मास्क नीट बसेना आणि हात थरथरले. सिस्टर इन-चार्ज म्हणाल्या, प्रमाणपत्र आहे ना, मग काळजी कसली?

उत्तर : काळजी रास्त आहे. पोहणे आणि सायकल एकदा आली की विसरत नाही असे आपण म्हणतो, पण पुनरुज्जीवन त्या जातीचे कौशल्य नाही. ते वापरले नाही तर काही महिन्यांतच उतरणीला लागते, आणि प्रमाणपत्राची मुदत मात्र वर्षांत मोजलेली असते. शिवाय पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साधारण पाचांनाच बॅग-मास्कने श्वास द्यावा लागतो. ड्यूट्या वाटून गेल्या की त्या पाचांपैकी एखादे तुमच्या वाट्याला केव्हा येईल, याचा नेम नसतो. म्हणजे ज्या कामात पहिल्या साठ सेकंदांत श्वास सुरू व्हावा लागतो, ज्याला सगळे ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात, त्याच कामाचा सराव रोजच्या ड्यूटीतून आपोआप होत नाही.

उपाय मोठ्या कार्यशाळेचा नाही. थोडा-थोडा, पण वारंवार सराव हा अलीकडच्या काळात प्रशिक्षणाचा मान्य मार्ग झाला आहे. पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर एकत्र असताना, दहा मिनिटे मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) द्यावीत. मास्क हनुवटी, तोंड आणि नाक झाकतो पण डोळ्यांवर चढत नाही ना, हे पाहावे. मिनिटाला ४० ते ६० या गतीने, ‘श्वास–दोन–तीन’ असे मोठ्याने म्हणत बॅग दाबावी, म्हणजे भीतीने गती वाढत नाही. छाती उचलली जात नसेल तर काय करायचे, हा क्रम तोंडपाठ असून भागत नाही, तो हातात बसलेला असावा लागतो : आधी मास्क पुन्हा बसवणे, मग डोक्याची स्थिती सुधारणे, तोंड आणि नाक साफ करणे, तोंड किंचित उघडे ठेवणे, दाब वाढवणे, आणि इतके करूनही जमले नाही तर श्वासनलिकेत नळी किंवा लॅरिंजियल मास्क (घशात बसवायचा मास्क). छाती हलू लागल्यावर हृदयाची गती वाढते का, हे कोणी एकीने मोठ्याने सांगावे. श्वास पोहोचतो आहे याची सर्वांत भरवशाची खूण तीच असते. सरावाच्या वेळी खरी बॅग आणि खरा मास्क वापरावा, कारण झडप अडकलेली आहे किंवा लहान बाळाच्या मापाचा मास्क ट्रेमध्येच नाही, हे अनेकदा अशा वेळीच कळते.

परवाच्या प्रसंगाविषयी एक सांगतो. त्यात हजर असलेल्या सगळ्यांनी, डॉक्टरांसह, पाच मिनिटे एकत्र बसून काय आधी झाले आणि काय उशिरा झाले एवढेच बोलायला हवे होते. अशी चर्चा झाली नसेल तर अजूनही करता येईल. कोणाचे चुकले हे ठरवण्याची बैठक असे तिला रूप आले, की पुढच्या वेळी हात थरथरल्याचे कोणी कबूल करणार नाही. सिस्टर इन-चार्जना हे सांगणे तुम्हाला जड जाईल. अशा वेळी सरावाची वेळ डॉक्टरांनी मागून घेतली तर गोष्ट सोपी होते.

प्रश्न : औषधकंपनीने आयोजित केलेल्या सत्राला जावे की नाही? विषय चांगला असतो, वक्ते नामवंत असतात.

उत्तर : वक्ते नामवंत असतात म्हणूनच जपून राहावे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंपनीच्या खर्चाने झालेल्या सत्रांत त्या कंपनीचे औषध ठळकपणे पुढे येते आणि सत्राला गेलेल्यांच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये त्या औषधाचे प्रमाण वाढते, असे आढळले होते. ‘माझ्यावर परिणाम होत नाही’ असे प्रत्येकालाच वाटते, आणि स्वतःविषयीचे आपले अंदाज कसे असतात ते वर आलेच आहे. लहान मुलांच्या बाबतीत धोका थोडा वेगळा असतो : अनेक औषधांच्या चाचण्या प्रौढांवर झालेल्या असतात आणि मुलांसाठीचा पुरावा तुटपुंजा असतो, त्यामुळे प्रौढांतील निष्कर्ष मुलांना जोडून दाखवणे वक्त्याला सहज जमते. जायचेच असेल तर विषय आणि वक्ता कोणी निवडला, स्लाइड कोणी तयार केल्या आणि वक्त्याने स्वतःचे आर्थिक संबंध सुरुवातीलाच सांगितले का, हे विचारावे. विकणाऱ्याने विषय ठरवला असेल तर ती जाहिरात आहे. ती ऐकायला हरकत नाही, पण तिचे क्रेडिट पॉइंट मिळू नयेत, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे बालरोग विभागात काम करतो. जे आम्हाला ठासून शिकवले तेच आता चुकीचे म्हणतात, आणि उद्या पुन्हा उलटे सांगतील. दर काही वर्षांनी बदलणाऱ्या मार्गदर्शक सूचनांमागे किती धावायचे?

उत्तर : या तक्रारीत थकवा आहे आणि तो मी समजू शकतो. पण बदल म्हणजे लहर नव्हे. कोणता बदल कशामुळे झाला हे पाहिले की धावण्याचे कष्ट बरेच कमी होतात. बालरोगशास्त्रात शिकण्याइतकेच सोडून देणेही महत्त्वाचे ठरले आहे, आणि सोडायला उशीर झाला तर काय होते याचे सर्वांत बोचरे उदाहरण बाळाच्या झोपेचे आहे. तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला अनेक दशके दिला जात होता. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास काळाच्या क्रमाने मांडून पाहिले, तेव्हा पालथे झोपवणे धोक्याचे आहे हे दाखवणारा पुरावा १९७० पर्यंतच जमा झालेला होता असे दिसले. तो वेळीच एकत्र करून वाचला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बाळांचे मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज होता. अमेरिकन अ‍ॅकॅडमीने पाठीवर किंवा कुशीवर झोपवण्याची शिफारस केली ती १९९२ मध्ये. आज फक्त पाठीवरच, असा सल्ला आहे. मधली वीस-बावीस वर्षे डॉक्टर आणि परिचारिका अत्यंत आत्मीयतेने चुकीचा सल्ला देत होते.

दुसरे उदाहरण तुमच्या हाताखालून नक्की गेलेले असेल. गर्भजलात बाळाची शी मिसळलेली असली की डोके बाहेर येताच तोंड-नाक शोषून घ्यायचे, आणि बाळ निपचित असेल तर श्वासनलिकेत नळी घालून तिथूनही शोषायचे, हा एके काळी नियम होता. २००४ मध्ये अर्जेंटिना आणि अमेरिकेतील सुमारे अडीच हजार बाळांवरील चाचणीत पहिल्या शोषणाचा उपयोग दिसला नाही. २०१५ मध्ये दुसरे शोषणही सरसकट करू नये असा आंतरराष्ट्रीय सल्ला आला. त्यामागचा विचार साधा होता : नळीच्या प्रयत्नात पहिले मिनिट निघून जाते आणि निपचित बाळाला त्या मिनिटात हवा हवी असते. इथे जुनी पद्धत मूर्खपणाची नव्हती, ती तर्काने सुचलेली होती. तिची चाचणी मात्र उशिरा झाली.

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची कथा तर अगदी उलट्या दिशेने गेली. २००० साली, धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असा सल्ला होता. २००८ मध्ये तो पुराव्याअभावी मागे घेतला गेला. आणि २०१५ च्या लीप चाचणीत, तीव्र एक्झिमा (त्वचेचा खाजरा दाह) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणे देण्याचा लाभ दिसला. सुरुवातीला त्वचेची चाचणी नकारात्मक असलेल्या मुलांत, शेंगदाणे टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना पाच वर्षांच्या वयात अ‍ॅलर्जी होती, तर खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. (अर्थात बाळाला अख्खा दाणा कधीही द्यायचा नाही, तो घशात अडकतो, हे पालकांना सांगायचे राहून जाते.)

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रत्येक नव्या सूचनेमागे धावू नका. ती कशावर उभी आहे ते पाहा. तज्ज्ञांचे मत बदलले म्हणून आलेली सूचना आणि मोठ्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेल्या) चाचणीनंतर आलेली सूचना यांचे वजन सारखे नसते, आणि चांगल्या मार्गदर्शक सूचनांत पुराव्याचा दर्जा प्रत्येक शिफारशीपुढे लिहिलेलाच असतो. त्याबरोबर चाचणीतील मुले आपल्या रुग्णांसारखी होती का, हेही विचारा. २०११ च्या फीस्ट चाचणीत युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ गंभीर तापाच्या मुलांचा अभ्यास झाला. सलाईनचा किंवा अल्ब्युमिनचा (रक्तातील एका प्रथिनाच्या द्रावणाचा) शिरेतून जलद डोस मिळालेल्यांत ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते, तर तो न मिळालेल्यांत ७.३ टक्के. हा निष्कर्ष धक्कादायक होता आणि त्याने तापाच्या शॉकमधील (रक्ताभिसरण कोसळण्याच्या अवस्थेतील) द्रवोपचाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पण जुलाबाने कोरडी पडलेली मुले त्या चाचणीत मुळातच घेतली नव्हती. फीस्ट वाचून कोणी जुलाबाच्या शॉकमधील बाळाचे सलाईन आखडते घेतले, तर ते नवे ज्ञान नसून अर्धवट वाचन ठरेल. नुसत्या बातमीसारखे सांगितलेले सीएमई हेच नुकसान करते, आणि म्हणून सत्रात ‘काय बदलले’ यापेक्षा ‘कोणासाठी बदलले’ यावर जास्त वेळ जायला हवा.

प्रश्न : मी रुग्णालयातील औषधनिर्माता आहे. बालरोगाच्या सत्रांना आम्हाला बोलावत नाहीत. आमचे त्यात काम नाही का?

उत्तर : तुमचे काम आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर ते प्रौढांपेक्षा अधिक आहे. २००१ मध्ये रेनू कौशल आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल मुलांच्या औषधांतील चुका मोजल्या. चुकांचे प्रमाण प्रौढांच्या जवळपास होते, पण ज्यांतून इजा होऊ शकली असती अशा चुका मुलांत सुमारे तिप्पट होत्या. कारण उघड आहे : प्रौढाला एक गोळी म्हटले की भागते, मुलाचा डोस मात्र दर वेळी वजनावरून काढावा लागतो आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो. ‘.५’ असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले की ते पाच वाचले जाते; ‘५.०’ असे लिहिले की पन्नास.

द्रव औषधांचे पाहा. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मि.ग्रॅ. या हिशेबाने पॅरासिटामॉल १२० मि.ग्रॅ. लागते. सिरप ५ मि.लि.मध्ये १२० मि.ग्रॅ. असेल तर ते ५ मि.लि. होते, थेंबांची बाटली १ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ.ची असेल तर १.२ मि.लि. चिठ्ठीवर नुसते ‘५ मि.लि.’ लिहिले आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात ५०० मि.ग्रॅ. जाते. ही चूक डॉक्टरांची, तुमची की पालकांची, हा वाद निरर्थक आहे. ती तिघांच्या मधल्या जागेत घडते, आणि ती जागा डॉक्टरांच्या वेगळ्या, परिचारिकांच्या वेगळ्या आणि औषधनिर्मात्यांच्या वेगळ्या सत्रांत कोणालाच दिसत नाही. तुमच्याकडे परत पाठवलेल्या, दुरुस्त केलेल्या चिठ्ठ्यांची नोंद असेलच. नावे झाकून तेवढीच घेऊन बालरोग विभागप्रमुखांकडे जा आणि संयुक्त सत्र मागा. बोलावण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : ऑनलाइन मॉड्यूल ड्यूटीनंतर रात्री उरकते. पुढे-पुढे क्लिक करत गेले की प्रमाणपत्र येते. याचा खरेच उपयोग असतो का?

उत्तर : तसे उरकले तर नाही. मात्र दोष माध्यमाचा नाही; सभागृहात मागच्या रांगेत बसूनही हेच करता येते. ज्या मॉड्यूलमध्ये आधी प्रश्न विचारला जातो, चुकल्यावर कारण सांगितले जाते आणि काही आठवड्यांनी तोच विषय नव्या रुग्णाच्या रूपाने पुन्हा पुढे येतो, ते निवडावे. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिल्याने ते जास्त टिकते, हे प्रयोगांनी चांगले सिद्ध झाले आहे. तशी सोय नसेल तर शेवटचे पाच प्रश्न स्वतःच लिहून ठेवून महिन्याने त्यांची उत्तरे द्यावीत.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, आई आहे. आमच्या मुलीचे डॉक्टर ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. ते अद्ययावत आहेत की नाही हे आम्हाला कसे कळावे?

उत्तर : अनुभव ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः आजारी मूल दारातून आत येतानाच ओळखण्याची नजर अनुभवानेच येते. पण नुसती वर्षे ही अद्ययावत ज्ञानाची हमी नसते. २००५ मध्ये नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी ६२ अभ्यास तपासले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायाची वर्षे वाढतील तशी उपचारांची गुणवत्ता घटत गेलेली दिसली. याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांना तो नियम लागू होतो असा नाही.

भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून काही ठरवू नका. डोस सांगण्याआधी मुलीचे वजन केले जाते का? वाढीच्या तक्त्यावर बिंदू मांडला जातो का? साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागितले तर ते ‘गरज नाही’ म्हणून कारण सांगतात का? ‘पूर्वी आम्ही असे करायचो, आता करत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी कधी येते का? आणि एखाद्या प्रश्नावर ‘हे मी पाहून सांगतो’ असे म्हणून ते खरोखर पाहून सांगतात का? या गोष्टी पालकांना दिसतात.

तुमच्या पत्राने आणखी एक मुद्दा निघतो, तो डॉक्टरांसाठी. पालकांशी कसे बोलावे, हा विषय सीएमईच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचित असतो, जणू तो स्वभावाचा भाग आहे. २०१३ मध्ये डग्लस ओपेल आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाच्या भेटींचे चित्रण तपासले. ‘आज या लसी द्यायच्या आहेत’ अशी सुरुवात डॉक्टरांनी केली तेव्हा २६ टक्के पालकांनी विरोध दर्शवला. ‘लशींचे काय करायचे ठरवले आहे?’ असे विचारले तेव्हा ८३ टक्क्यांनी. आणि आधी नाही म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के पालक, डॉक्टरांनी आपली शिफारस तशीच पुढे चालू ठेवली तेव्हा तयार झाले. हे निरीक्षणात्मक संशोधन असल्याने आकड्यांवरून कार्यकारण ठामपणे काढता येत नाही, पण पहिल्या वाक्याला इतके महत्त्व असू शकते, हे सराव करून शिकण्यासारखे नक्कीच आहे.

प्रश्न : मी दुर्गम भागात एकटाच मुलांचे उपचार करतो. सत्राला जायचे तर मागे कोणी नाही. माझ्यासारख्याने कसे शिकावे?

उत्तर : तुमच्यासारख्यांसाठीच संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. त्यात दूरच्या डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी व्हिडिओवर आपला रुग्ण मांडायचा आणि तज्ज्ञांबरोबर इतर ठिकाणच्या डॉक्टरांनीही त्यावर बोलायचे, अशी रीत आहे. मूळ काम हिपॅटायटिस सीचे होते. २०११ च्या अहवालात दूरच्या केंद्रांतील रुग्णांपैकी ५८.२ टक्के आणि विद्यापीठाच्या दवाखान्यातील ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, म्हणजे फरक नव्हताच. पुढे हीच रीत स्वमग्नतेसारख्या मुलांच्या विषयांतही वापरली गेली. असा कार्यक्रम हाताशी नसला तरी त्याचा सांगाडा उचलता येतो. ज्या रुग्णालयाकडे तुम्ही मुले पाठवता तिथल्या एका डॉक्टरांशी ठरावीक दिवस-वेळ ठरवून घ्या. तुमच्यासारख्या आणखी दोघा-तिघांना त्यात जोडा. आणि प्रत्येक वेळी एकच मूल मांडा. वय, वजन, तुम्हाला काय दिसले, तुम्ही काय केले आणि तुमचा नेमका प्रश्न काय, एवढे पाच ओळींत आधी पाठवा, नाव आणि ओळख वगळून. पाठवलेल्या मुलांचे पुढे काय झाले, अंतिम निदान काय निघाले, हेही त्याच वेळी विचारून घ्या. पाठवणाऱ्याला ते कळवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे दर वेळी आठवणीने मागावे लागेल.